आयात मालाच्या खोक्यावर देश कोणता लिहायचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नाशिकचे असून चीनमधील एका कारखान्याकडून सिलिकॉनचे केकचे साचे आणि उलथणी स्वतःच्या मराठी ब्रँडनावाने, रंगीत खोक्यांसह तयार करून घेत आहात. सौदा दुबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत झाला आहे आणि माल तिथल्या जेबेल अली बंदरातून न्हावा शेव्याला उतरणार आहे. त्याच कारखान्याकडून दोरी ओढून भाजी चिरायच्या हातचॉपरचे सुटे भाग मागवून ते सातपूरच्या गाळ्यात जोडण्याचाही विचार आहे. दुबईचा व्यापारी म्हणतो की कागदोपत्री मूळ देश दुबईचा दाखवला तर शुल्क वाचेल, कारखाना म्हणतो की खोक्यावर ‘मेड इन पीआरसी’ छापू, आपल्याला चॉपरवर ‘मेड इन इंडिया’ लिहायचे आहे आणि दोन हजार खोकी देशाच्या नावाशिवाय छापून तयार आहेत.

मी बावीस वर्षे न्हावा शेव्याला कस्टम्स ब्रोकरचे, म्हणजे बंदरावरच्या बोलीत सीएचएचे, काम करतो, आणि या काळात देशाच्या नावावरून अडकलेला बहुतेक माल लेबल विसरल्यामुळे नव्हे, तर तीन कागदांवर तीन वेगवेगळी नावे असल्यामुळे अडकलेला पाहिला आहे. म्हणून ‘खोक्यावर काय लिहू’ हा प्रश्न मी थोडा मागे नेतो. मूळ देश तीन ठिकाणी विचारला जातो: ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या खोक्यावर, कस्टम्सकडे भरायच्या बिल ऑफ एंट्रीमध्ये आणि एखाद्या व्यापार करारानुसार शुल्कात सवलत मागितली तर त्या दाव्यात. तिन्ही ठिकाणचे कायदे वेगळे आहेत आणि तपासणारे अधिकारीही वेगळे आहेत, पण ज्या वस्तुस्थितीवरून उत्तर द्यायचे ती एकच आहे, आणि ती म्हणजे ही वस्तू कोणत्या कारखान्यात, कोणत्या मालापासून, कशी घडली. ती माहिती ऑर्डर देण्यापूर्वी लेखी हातात नसेल, तर खोक्यावर छापलेला शब्द कितीही ठळक असला तरी तो आपला अंदाजच असतो.

आधी खोक्याचा कायदा पाहू. वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तू नियम, २०११ हे किरकोळ विक्रीच्या बंद पाकिटाला लागू होतात. त्यातील नियम ६ मध्ये पाकिटावर काय हवे ते दिले आहे: आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे रोजच्या व्यवहारातील नाव, नग किंवा वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क. आयात वस्तूवर मूळ देशाचे नाव स्वतंत्रपणे सक्तीचे झाले ते २०१७ च्या दुरुस्तीने, आणि ती १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. त्या कलमाचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. मूळ देश, किंवा उत्पादनाचा देश, किंवा जोडणीचा देश, असे तीन पर्याय ‘किंवा’ने जोडलेले आहेत. त्यामुळे पुष्कळ आयातदारांचा असा समज होतो की यांतील आपल्याला सोयीचा देश निवडण्याची मुभा कायद्याने दिली आहे. मी तसे मानत नाही. हे तीन शब्द वस्तूंच्या प्रकारांप्रमाणे आलेले आहेत असे समजून मी काम करतो, म्हणजे खजुराला मूळ देश, साच्याला उत्पादनाचा देश आणि अनेक देशांतील भागांपासून बनलेल्या यंत्राला जोडणीचा देश. आपले साचे एकाच कारखान्यात ओतले, कापले आणि पाकिटबंद केले जातात, तेव्हा तेथे निवड करायला जागाच नाही. उत्तर चीन हेच आहे.

आता दुबईच्या सल्ल्याकडे येतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत धोक्याची गोष्ट तीच आहे. बिल ऑफ एंट्रीमध्ये दोन वेगळे रकाने असतात. एक मूळ देशाचा आणि दुसरा माल जेथून रवाना झाला त्या देशाचा. आपल्या बाबतीत पहिल्यात चीन आणि दुसऱ्यात संयुक्त अरब अमिराती येईल, आणि त्यात लपवण्यासारखे काहीही नाही. चीनचा माल जेबेल अलीहून येणे हा रोजचा व्यवहार आहे. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला, त्यात अनेक वस्तूंवरील शुल्क कमी झाले, आणि तेव्हापासून ‘दुबईचे सर्टिफिकेट देतो’ हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येते. परंतु त्या कराराची सवलत अमिरातीत घडलेल्या मालाला आहे, अमिरातीतून गेलेल्या मालाला नाही. गोदामात उतरवणे, खोकी बदलणे, लेबल चिकटवणे, संच लावणे यांसारख्या किरकोळ क्रियांनी मूळ देश बदलत नाही, हे तत्त्व आपल्या देशाच्या जवळजवळ सर्व व्यापार करारांत कोणत्या ना कोणत्या शब्दांत आहे. शिवाय तेथील एखाद्या व्यापारी चेंबरने दिलेला साधा दाखला आणि करारातील सवलतीसाठी तेथील अधिकृत सरकारी यंत्रणेने दिलेले प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यापारी बहुधा पहिल्याबद्दल बोलत असतो आणि ऐकणारा दुसरे समजतो.

समजा, व्यापाऱ्याने ते दुसरे प्रमाणपत्रही आणून दिले, तरी जबाबदारी संपत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी (बंदरावर त्यांना ‘कॅरोटार’ म्हणतात) आणि सीमाशुल्क अधिनियमातील कलम २८डीए ने ही गोष्ट स्पष्ट केली आहे की सवलत मागणाऱ्या आयातदाराकडे माल कसा बनला, कच्चा माल कोठला, मूल्यवृद्धी किती झाली याची माहिती स्वतःजवळ असली पाहिजे आणि ती बिल ऑफ एंट्री भरल्यापासून किमान पाच वर्षे जपून ठेवली पाहिजे. अधिकाऱ्याने विचारल्यावर ‘पुरवठादाराने दिले ते मी लावले’ हे उत्तर आता पुरत नाही. एका पक्षकाराने तरीही हा मार्ग धरला होता. त्याच्या मालाच्या आतल्या पिशव्यांवर चिनी भाषेतील तपासणी-चिठ्ठ्या होत्या, त्यावर कारखान्याचा पत्ता होता, आणि शेडमध्ये खोके उघडल्यावर अधिकाऱ्याला दुसरे काही शोधावेच लागले नाही. शुल्क तर भरावे लागलेच, वर त्याच अधिनियमाच्या कलम १११(एम) खाली जप्तीची कारवाई, तिच्यातून माल सोडवण्याचा दंड आणि त्यानंतर त्याच्या प्रत्येक कंटेनरची कसून तपासणी. मला विचाराल तर दंडापेक्षा हे शेवटचेच त्याला जास्त महागात गेले.

मूळ देश हा विषय किती गंभीरपणे घेतला जातो याचे आमच्याच बंदरावरचे ताजे उदाहरण खारकेचे आहे. पाकिस्तानी मूळ असलेल्या मालावर फेब्रुवारी २०१९ मध्ये २०० टक्के शुल्क लागले आणि २ मे २०२५ रोजी अशा मालाची थेट किंवा तिसऱ्या देशातून होणारी आयात पूर्ण बंद झाली. त्यानंतर जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ या मोहिमेत न्हावा शेव्याला ३९ कंटेनर पकडल्याचे जाहीर केले. त्यात १,११५ टन माल होता, किंमत सुमारे ९ कोटी रुपये होती, आणि पाकिस्तानातून दुबईमार्गे आलेल्या त्या मालावर, त्यात खारीकही होती, मूळ देश म्हणून अमिरातीचे नाव घातलेले होते. आपले केकचे साचे आणि ती खारीक यांची तुलना होऊ शकत नाही हे मला कळते, पण दुबईहून येणाऱ्या कागदावरील मूळ देशाकडे त्या दिवसापासून कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, हे आपणही ताडू शकाल.

‘पीआरसी’बद्दल माझे मत तितके कडक नाही, पण सल्ला स्पष्ट आहे. ‘पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना’ची ती आद्याक्षरे आहेत, त्यामुळे त्यात खोटे काही नाही. मात्र नियमाला देशाचे ‘नाव’ हवे आहे, आणि ज्या ग्राहकासाठी तो नियम आहे त्याला पीआरसी म्हणजे कोण हे कळावे, अशी अपेक्षा त्यात उघडच आहे. कारखाने ही अक्षरे का सुचवतात तेही आपल्याला ठाऊक आहे. काही तपासणी अधिकारी ती चालवून घेतात, काही घेत नाहीत. जेथे एक शब्द छापून वाद पूर्ण टळतो, तेथे वाद घालण्याची संधी कशाला ठेवायची? ‘मेड इन चायना’ असे पूर्ण छापा.

आता एका जुन्या अधिसूचनेकडे आपले लक्ष वेधतो, कारण स्वतःच्या ब्रँडने माल बनवून घेणाऱ्या नव्या आयातदारांना तिची माहिती जवळजवळ कधीच नसते. १८ जानेवारी १९६४ ची सीमाशुल्काची अधिसूचना क्रमांक १/६४ ही खोट्या व्यापारी वर्णनाच्या मालाच्या आयातीला मनाई करते, आणि तिच्यातील एक तरतूद नेमकी आपल्यासाठी लिहिल्यासारखी आहे. भारताबाहेर बनलेल्या मालावर भारतातील उत्पादकाचे, विक्रेत्याचे किंवा व्यापाऱ्याचे नाव अथवा व्यापारचिन्ह असेल, तर जेथे जेथे ते नाव आले आहे तेथे तेथे माल भारताबाहेर बनल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. शिवाय त्या देशाचे नाव त्या ब्रँडनावाच्या अक्षरांइतक्याच मोठ्या आणि ठळक अक्षरांत, त्याच भाषेत आणि त्याच लिपीत हवे. या तरतुदीची धाटणी फार जुनी आहे. १८८७ मध्ये ब्रिटनने जर्मनीतील झोलिंगनच्या सुऱ्या-कात्र्या इंग्लंडमधील शेफील्डच्या नावाने खपू नयेत म्हणून कायदा केला, दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, हिंदुस्थानातही मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला, आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द जगभर झाले ते त्यातूनच. गंमत अशी की जर्मन माल चांगला निघाला आणि कमीपणा दाखवण्यासाठी लावलेला तो शिक्का पुढे त्याचीच जाहिरात ठरला.

त्या तरतुदीचा आपल्यापुरता अर्थ असा की खोक्याच्या दर्शनी बाजूवर आपले मराठी ब्रँडनाव मोठ्या देवनागरी अक्षरांत असेल आणि मागच्या बाजूला तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘मेड इन चायना’ असेल, तर वैधमापनाच्या नियमात कदाचित बसेलही, पण त्या अधिसूचनेच्या शब्दांत बसणार नाही. रोजच्या तपासणीत प्रत्येक अधिकारी अक्षरांची उंची मोजतो असे मी म्हणणार नाही. माझ्या अनुभवात ही अधिसूचना तेव्हाच बाहेर येते जेव्हा आधीच दुसऱ्या कशाचा तरी संशय आलेला असतो. तरीही मी पक्षकारांना ब्रँडनावाच्या लगतच, शक्यतो त्याच्या खाली, देवनागरीत ‘चीनमध्ये बनवलेले’ ही ओळ ठळक घ्यायला सांगतो. आणि येथे एक बारीक गोष्ट आहे. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे सक्तीची माहिती हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते, इतर भाषा तिच्या जोडीला चालते, जागी चालत नाही. म्हणून केवळ मराठी ओळ पुरणार नाही. माहितीच्या चौकटीत ती सर्व इंग्रजीत आणि ब्रँडनावाजवळ मराठीत, अशी दोन्हीकडे हवी. डिझाइन करणारा कुरकुर करेल, कारण सुंदर खोक्यावर ही ओळ कोणालाच आवडत नाही. त्याला करू द्यावी.

चॉपरचा प्रश्न खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याला मी सरळ हो किंवा नाही देऊ शकत नाही. आपण काय आणणार आणि सातपूरला काय करणार, यावर सगळे आहे. वाटी, झाकण, पाती, दोरीची चकरी असे सगळे भाग पूर्ण तयार स्थितीत एकाच कन्साइनमेंटमध्ये येत असतील आणि येथे ते फक्त एकमेकांत बसवून खोक्यात भरले जात असतील, तर कस्टम्सच्या वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियम २(अ) प्रमाणे तो माल सुट्या भागांचा नव्हे, तर न जोडलेल्या चॉपरचा समजला जातो, शुल्कही पूर्ण चॉपरचेच लागते आणि मूळ देश चीनच राहतो. अशा खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ लिहिणे मला चुकीचे वाटते, आणि कोणी आव्हान दिले तर ते टिकेल असेही वाटत नाही. याउलट वाटी आणि झाकण आपण नाशिकमध्येच साच्यातून काढून घेतले, चकरीची यंत्रणा येथे तयार केली आणि चीनमधून फक्त पाती आणली, तर येथे नवी वस्तू घडली आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येते. या दोन टोकांच्या मध्ये मोठा पट्टा आहे. त्या पट्ट्यात मी पक्षकारांना ‘भारतात जोडणी, आयात सुट्या भागांपासून’ अशा अर्थाचे वाक्य सुचवतो. आयफोनसारख्या महाग वस्तूवरही ‘असेम्बल्ड इन’ हेच शब्द वर्षानुवर्षे छापले गेले आणि त्याने विक्री अडली नाही.

येथे टक्केवारीचा एक गोंधळ दूर करतो. ‘पन्नास टक्के माल देशी असला की मेड इन इंडिया लिहिता येते’ हे वाक्य आपल्यालाही कोणीतरी ऐकवले असेल. ते आले आहे सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या आदेशातून, ज्यात ५० टक्के किंवा अधिक स्थानिक वाटा असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० टक्क्यांपासून पुढचा दुसऱ्या वर्गात धरला जातो. तो निकष निविदेसाठी आहे. किराणा-भांड्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या चॉपरच्या लेबलाला असा कोणताही सरसकट आकडा लावून दिलेला नाही. आकडा नाही म्हणजे मोकळीक आहे असे मात्र नाही. तपासणाऱ्याला फसवणूक वाटली तर ती नव्हती हे आपल्या कागदांवरूनच दाखवावे लागते, म्हणून कोणता भाग कोठला आणि येथे त्यावर काय काम झाले याचा खर्चासह तक्ता सुरुवातीपासून ठेवा.

एक दिलासाही आहे. चॉपरचे सुटे भाग किरकोळ विक्रीसाठी येत नसून आपल्या उत्पादनासाठी येत असतील, तर त्या आयात पाकिटांवर कमाल किंमत वगैरे किरकोळ लेबल लागत नाही. ते लेबल तयार खोक्यावर लागते आणि तेथे आपले नाव आयातदार म्हणून नव्हे, तर उत्पादक किंवा पॅकर म्हणून येते. साच्यांच्या बाबतीत मात्र आपण आयातदार आहात. दोन्ही भूमिकांसाठी नियम २७ खालील नोंदणी, जी कामाला सुरुवात केल्यापासून नव्वद दिवसांत करायची असते, तिचे शुल्क पाचशे रुपये आहे. ती आयातीपूर्वीच करून घ्या, कारण पुढे प्रत्येक जण तिची प्रत मागतो. आणि लेबलाच्याही आधी, आणायच्या वस्तूला गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे का ते तिच्या आयात वर्गवारीच्या क्रमांकावरून तपासून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो लागू झाला तेव्हा परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) परवाना नसलेली खेळणी कितीही निर्दोष लेबले लावून आली तरी बंदरातून बाहेर पडू शकली नाहीत. आपण उद्या साच्यांसोबत मुलांसाठी काही ‘किचन सेट’ आणायचे ठरवलेत तर हे लक्षात असू द्या.

ऑनलाइन विक्रीचा उल्लेख आपण शेवटी एका ओळीत केला आहे, पण बहुतेक विक्री तेथेच होणार असेल तर खोक्याइतकेच लक्ष तिकडे हवे. खोक्यावरील सक्तीची माहिती, महिना-वर्ष वगळता, वस्तूच्या पानावरही दिसली पाहिजे असे आवेष्टित वस्तू नियमांत आहे, आणि जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देशाची माहिती खरेदीपूर्वी ग्राहकाला मिळावी अशी जबाबदारी विक्रेत्यावरही टाकली आहे. सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवरही जून २०२० पासून मूळ देश भरल्याशिवाय वस्तू नोंदवता येत नाही. प्रत्यक्षात घडते असे की पानाची माहिती भरायला बसलेला मुलगा मूळ देशाच्या रकान्यात सवयीने ‘इंडिया’ निवडतो. खोक्यावर चीन, पानावर भारत, आणि ग्राहकाने खोक्याचा फोटो टाकून केलेली तक्रार, हा प्रकार मी दोन पक्षकारांच्या बाबतीत पाहिला आहे. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. अशा तक्रारी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे दिशाभूल करणारी जाहिरात म्हणूनही जाऊ शकतात, आणि तेथे पहिल्याच वेळी दंड दहा लाख रुपयांपर्यंत असू शकतो. त्यामानाने २००९ च्या वैधमापन कायद्यात चुकीच्या पाकिटासाठी पहिल्या वेळी ठेवलेला २५,००० रुपयांपर्यंतचा दंड सौम्य वाटेल, पण तो फक्त आयातदाराला नाही. विकणाऱ्या दुकानदारालाही लागू होतो, आणि निरीक्षकाने ज्याच्या दुकानातून माल उचलला तो दुकानदार आपला माल पुन्हा ठेवत नाही. देश जाणूनबुजून खोटा लिहिला असेल तर व्यापारचिन्ह अधिनियमातील खोट्या वर्णनाच्या कलमापर्यंत गोष्ट जाते, आणि तेथे तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

राहिली ती दोन हजार खोकी. ती अजून चीनमध्येच आहेत असे आपल्या लिहिण्यावरून दिसते, आणि हीच चांगली बातमी आहे. परकीय व्यापार धोरणातील अट अशी आहे की किरकोळ पाकिटावरील माहितीची पूर्तता देशांतर्गत वापरासाठी माल सोडण्यापूर्वी झाली पाहिजे, म्हणजे नाशिकला आणून मग सावकाश स्टिकर लावू, हे चालत नाही. माल बंदरावर आल्यावर चूक लक्षात आली तर एक मार्ग असतो. माल बाँडेड गोदामात, म्हणजे शुल्क भरण्यापूर्वी माल ठेवायच्या गोदामात, हलवण्यासाठी बिल ऑफ एंट्री भरायचे, सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे तेथे लेबले लावायची आणि मग तेथून तो सोडवायचा. हे मी अनेकदा केले आहे, पण गोदामाचे भाडे, मजुरी, कंटेनर उशिरा रिकामा केल्याबद्दल शिपिंग लाइनचे डिटेन्शन आणि दोन वेळची कागदपत्रे यांचा हिशेब मांडला तर दोन हजार खोकी पुन्हा छापण्याचा खर्च त्याहून कमी निघतो. आयातदाराचे नाव आणि किंमत यांचे लेबल तेथे लावणे हा सर्वमान्य प्रघात आहे. मूळ देशाचे नाव मात्र मी शक्यतो कारखान्यातच छापून घ्यायला सांगतो, कारण भारतात आल्यावर चिकटवलेल्या देशाच्या नावाकडे ‘हे कोणी ठरवले’ अशा नजरेने पाहिले जाते. खाद्यपदार्थांत तर आयात नियमांनी बंदरावर दुरुस्त करता येणाऱ्या लेबल-त्रुटींची ठरावीक यादीच दिली आहे आणि मूळ देश त्या यादीत नाही. आपला माल खाद्यपदार्थ नाही, तरी त्यातून अधिकाऱ्यांचा कल समजतो.

तेव्हा कारखान्याला आजच तीन गोष्टी लिहून पाठवा. पहिली, जुन्या खोक्यांवर, भरण्यापूर्वी, ब्रँडनावाच्या लगत न सुटणारे छापील लेबल हवे, त्यावर ‘मेड इन चायना’ आणि ‘चीनमध्ये बनवलेले’ हे दोन्ही, ब्रँडनावाच्या अक्षरांच्या उंचीचे. जागा पुरत नसेल तर खोकीच नवी छापा. दुसरी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बाहेरची मोठी पुठ्ठ्याची पेटी आणि आतले खोके या चारही ठिकाणी देशाचे नाव एकच आणि एकाच स्पेलिंगचे असावे, आणि दुबईच्या व्यापाऱ्याने स्वतःचे इनव्हॉइस बनवले तरी त्यात मूळ देश चीन असाच लिहावा. तिसरी, कंटेनरला सील लागण्यापूर्वी भरलेल्या एका खोक्याचे सहाही बाजूंचे आणि एका मोठ्या पेटीचे फोटो आपल्याला यावेत. ते फोटो आल्यावर आपल्या सीएचएला दाखवा आणि त्याने होकार दिल्यानंतरच उरलेले पैसे पाठवा. पैसे गेल्यानंतर कारखान्याकडून फोटो आल्याचे मला तरी आठवत नाही.